मालाड स्लो, व्हाया बनारस

रविवारी संध्याकाळी वांद्र्याच्या बँडस्टँडला गेलात, तर समुद्राकडे पाठ करून उभी असलेली गर्दी दिसेल. सगळ्यांचे मोबाइल समोरच्या बंगल्यांकडे रोखलेले. कुणीतरी बाहेर येईल, हात हलवेल, एवढीच आशा. गावाकडून पाहुणे आले की आपणही त्यांना हौसेने हेच वांद्रं दाखवतो. पण स्टार राहतात ती जागा आणि स्टार घडतात ती जागा एकच असते असं नाही. वांद्र्याहून बोरिवली स्लो पकडा. खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव आणि मग मालाड. पश्चिमेला उतरा आणि मालवणीची बस धरा. ‘छावा’ बघून ज्याच्यासाठी अख्खं थिएटर हुंदके देत बाहेर पडलं, त्या विकी कौशलचं लहानपण या मालवणीतल्या एका चाळीत सुरू झालं. दहा बाय दहाची खोली आणि शेजाऱ्यांबरोबर सामायिक बाथरूम, हे त्याने स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलेलं आहे.

विकीचं नाव निघालं की कॉलेज कॅन्टीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, बघा, चाळीतला पोरगा कुठे पोचला! दुसरी म्हणते, कसली चाळ, बाप इंडस्ट्रीतच होता की! गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या खरं बोलतात आणि दोन्ही अर्धंच बोलतात.

बाप इंडस्ट्रीत होता, पण कुठे होता ते बघा. शाम कौशल इंग्रजी साहित्यात एम.ए. करून पंजाबातून मुंबईत आले ते नोकरी शोधायला. झाले स्टंटमन. म्हणजे पडायचं आपण, आदळायचं आपण आणि टाळ्या हिरोला. विकीचा जन्म १६ मे १९८८ चा. वडील स्टंटमनचे अ‍ॅक्शन डायरेक्टर झाले ते त्यानंतर, नव्वदच्या सुमारास. हळूहळू परिस्थिती सुधारली, घर बदललं. ज्या माणसाने आयुष्यभर ‘आज काम आहे, उद्याचं माहीत नाही’ हे अनुभवलं, त्याला मुलाने महिन्याच्या महिन्याला पगार येणारी नोकरी करावी असं वाटलं, तर त्यात नवल काय? आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी हेच तर चालू असतं.

मग इंजिनीअरिंग. अंधेरीत वर्सोव्याला असलेलं राजीव गांधी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ब्रँच एक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. तिथल्या एका इंडस्ट्रियल व्हिजिटची गोष्ट विकी सांगतो. आयव्ही म्हणजे आपल्याकडे अधिकृत पिकनिकच! कंपनीत एक तास, बसमध्ये अंताक्षरी आठ तास. पण विकीच्या बॅचला एका आयटी कंपनीत नेलं आणि तिथे ओळीने मांडलेली टेबलं, त्यापुढे बसलेली माणसं बघून त्याच्या पोटात गोळा आला. हे आपल्याला जमणार नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याने डिग्री मात्र सोडली नाही. २००९ मध्ये इंजिनीअर होऊनच बाहेर पडला. घरी मग काय सांगितलं असेल, याची कल्पना केली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

इथून पुढे या गोष्टीचा जो भाग येतो, तो रील्समध्ये तीन सेकंदांत उरकतात. डिग्री २००९ ची, ‘मसान’ २०१५ चा. मधली सहा वर्षं. एकविसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंत. वर्गातली मुलं नोकरीला लागून, बाइक घेऊन, पुढे कारचे हप्ते भरायला लागण्याचा हा काळ. त्यात विकी काय करत होता?

किशोर नमित कपूर यांच्या अ‍ॅक्टिंग क्लासला गेला. मग नाटक. मानव कौलच्या ‘अरण्य’ संस्थेच्या ‘लाल पेन्सिल’ या नाटकातून तो रंगमंचावर आला. नसीरुद्दीन शाह यांच्या ‘मॉटली’बरोबरही त्याने काम केलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘गँग्ज ऑफ वासेपूर’. कॅमेऱ्यासमोर नाही, कॅमेऱ्यामागे. अनुराग कश्यपचा असिस्टंट म्हणून.

असिस्टंट डायरेक्टर हे नाव ऐकायला भारी आहे. काम काय, तर सगळ्यांच्या आधी सेटवर पोचायचं, गर्दी आवरायची, कोणत्या शॉटला कुणाच्या शर्टाचं कितवं बटण उघडं होतं हे लक्षात ठेवायचं आणि चूक कुणाचीही असो, ओरडा आपण खायचा. पण त्या सेटवर मनोज बाजपेयी होता, नवाजुद्दीन होता, रिचा चढ्ढा होती. एकेक सीन उभा कसा राहतो हे रोज फुकटात बघायला मिळणं, याची फी कोणत्याही क्लासला परवडणार नाही. आणि अजून एक माणूस तिथे असिस्टंट होता. नीरज घेवान. तोही इंजिनीअर, पुण्यात एमबीए केलेला, चांगली नोकरी सोडून सिनेमात आलेला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता कॅन्टीनमधल्या दुसऱ्या पार्टीचं म्हणणंही ऐकून घेऊ. ‘वासेपूर’चे अ‍ॅक्शन डायरेक्टर कोण होते? शाम कौशल. ज्या सेटवर पोरगा असिस्टंट, त्याच सेटवर बाप अ‍ॅक्शनला. म्हणजे दार किलकिलं व्हायला आडनावाची मदत झालीच नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण दार उघडून मिळालं ते कँटीनच्या चहाचा हिशेब ठेवण्याइतपत काम, हिरोचा रोल नव्हे. बापाची ओळख होती, बापाकडे मुलासाठी सिनेमा काढायचे पैसे नव्हते. या दोन्हींत फार अंतर आहे.

मला विचाराल तर विकीचं खरं भांडवल आडनाव नव्हतंच. ते होतं मुंबईतलं घर. रात्री परतायला छप्पर, ताटात जेवण आणि ‘या महिन्याचं भाडं?’ असं विचारणारा मालक दारात नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा नांदेडहून येऊन वर्सोव्याला चौघांत एक खोली करून राहतो. दिवसा ऑडिशन, रात्री कॉल सेंटर. अभिनयात तो कमी आहे की जास्त, हे मला ठरवता येणार नाही. पण सहा वर्षं थांबणं त्याला परवडणार नाही, हे मला नक्की माहीत आहे. विकीची गोष्ट सांगून कुणी तुम्हाला ‘बस, पेशन्स ठेव’ म्हणालं, तर त्याला आधी विचारा, भाडं कोण भरणार?

तर २०१२ मध्ये ‘लव शव ते चिकन खुराना’मध्ये विकी दिसला. दिसला म्हणजे अगदी डोळे उघडे ठेवले तर. हिरोच्या तरुणपणाचा छोटासा रोल. मग मोझेझ सिंगचा ‘जुबान’ मिळाला, चक्क मुख्य भूमिका. अडखळत बोलणारा दिलशेर. पहिला सिनेमा, तोही हिरो म्हणून! पण हा सिनेमा थिएटरमध्ये लागायला मार्च २०१६ उजाडला. तोवर दुसराच सिनेमा येऊन गेला होता. आपला सेमिस्टरचा रिझल्ट महिनाभर लांबला तरी आपण विद्यापीठाच्या नावाने खडे फोडतो. इथे आयुष्याचाच रिझल्ट राखून ठेवलेला.

तो दुसरा सिनेमा म्हणजे ‘मसान’. दिग्दर्शक, अर्थातच, नीरज घेवान. लेखक वरुण ग्रोव्हर. दीपकच्या भूमिकेसाठी आधी राजकुमार रावचं नाव होतं, ते जुळलं नाही आणि भूमिका विकीकडे आली. दीपक बनारसच्या घाटावर चिता रचणाऱ्या डोम कुटुंबातला मुलगा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. आणि शिकतोय काय? सिव्हिल इंजिनीअरिंग. मालवणीच्या चाळीतून निघून इंजिनीअर झालेल्या आणि मग ते सगळं बाजूला ठेवलेल्या मुलाला पहिल्या मोठ्या भूमिकेत पुन्हा इंजिनीअरिंगचं पुस्तक हातात घ्यावं लागलं. फरक एवढाच की विकीसाठी जी डिग्री कंटाळा होती, ती दीपकसाठी घाटावरून सुटायची एकुलती एक वाट होती. हे समजून घ्यायला तो बनारसला जाऊन राहिला, तिथली माणसं बघितली, बोली कानात भरली.

ज्यांनी ‘मसान’ बघितलेला नाही त्यांच्यासाठी जास्त सांगत नाही. फक्त रात्रीचा घाटावरचा तो सीन बघा. मित्र शेजारी, दारू पोटात आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम फुटतं. हिंदी सिनेमातला हिरो रडतो तेव्हा सहसा छान दिसतो. विकी त्यात अजिबात छान दिसत नाही. नाक, डोळे, शब्द, सगळं एकमेकांत मिसळलेलं. आपला एखादा मित्र असा रडला तर आपण काय करावं हे आपल्याला कळत नाही, तसंच तो सीन बघताना होतं.

मे २०१५ मध्ये ‘मसान’ कान महोत्सवाच्या ‘अं सर्तां रगार’ विभागात दाखवला गेला आणि दोन पुरस्कार घेऊन परतला. त्याच मे महिन्यात ‘बॉम्बे वेलवेट’ आपल्याकडे लागला आणि आपटला. त्यात विकी एका इन्स्पेक्टरच्या छोट्या भूमिकेत होता. एकाच महिन्यात कानची टाळी आणि बॉक्स ऑफिसची शांतता. २४ जुलैला ‘मसान’ भारतात प्रदर्शित झाला.

यानंतर निर्मात्यांची रांग लागली असेल असं वाटतं ना? पुढच्या वर्षी ‘रमन राघव २.०’ आला. दिग्दर्शक तोच अनुराग कश्यप, ज्याच्याकडे विकीने असिस्टंटगिरी केली होती. तरीही त्यातल्या नशेबाज, क्रूर पोलीस अधिकाऱ्यासाठी हा गोड चेहऱ्याचा मुलगा चालेल असं कश्यपला वाटत नव्हतं. विकीने ऑडिशन दिली, तेव्हा कुठे रोल मिळाला. कानला जाऊन आलेल्या नटाने, ओळखीच्याच माणसासमोर, पुन्हा ऑडिशन!

घराघरांत तो पोचला तो थेट २०१८ मध्ये. एकाच वर्षात ‘राझी’, ‘संजू’, ‘मनमर्जियां’. पुढच्या जानेवारीत ‘उरी’ आणि त्यासाठी आयुष्मान खुरानाबरोबर विभागून राष्ट्रीय पुरस्कार. गेल्या काही वर्षांतलं तर तुम्हाला पाठच आहे. २७ फेब्रुवारी २०२५ ला, मराठी भाषा गौरव दिनी, शिवाजी पार्कात त्याने कुसुमाग्रजांची ‘कणा’ वाचली, तेव्हा त्याचं मराठी ऐकून पुण्यातल्या काही नातेवाईकांनी मला फोन केले. मालाडकरांना आश्चर्य वाटलं नसावं.

या सगळ्या गडबडीत २०१८ च्या फेब्रुवारीत आलेला त्याचा एक सिनेमा मात्र मागे पडला. ‘लव पर स्क्वेअर फूट’. थिएटरला न लागता थेट नेटफ्लिक्सवर आला, म्हणून असेल. त्यात विकी आयटीत नोकरी करणारा मुंबईकर आहे. रोज ऑफिसला जातो, बॉसला सांभाळतो आणि त्याला फक्त मुंबईत स्वतःचं घर हवं असतं. आयव्हीला बघून ज्या टेबलापासून तो पळाला होता, त्याच टेबलावर त्याला शेवटी बसावंच लागलं. पैसे मात्र बरे मिळाले असावेत.