जस्त-पॉलिअ‍ॅनिलीन बॅटरी: इलेक्ट्रोलाइट कोणता?

ऋण टोकाला जस्त, धन टोकाला पॉलिअ‍ॅनिलीन हे वीजवाहक प्लास्टिक, मध्ये इलेक्ट्रोलाइट म्हणून क्षारांचे पाणी. अशा प्लास्टिकच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना 2000 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अडचण सामूची. पॉलिअ‍ॅनिलीनला आम्ल हवे. सामू साधारण 4 च्या वर गेला की त्याची वाहकता झपाट्याने घटते. जस्ताचे उलट: तीव्र आम्लात ते झिजते, हायड्रोजन सुटतो, सेल फुगतो.

• पोटॅशियम हायड्रॉक्साइड: साध्या अल्कलाइन सेलमधला. पॉलिअ‍ॅनिलीनसाठी बाद. जस्तावर सुईसारखे स्फटिकही वाढतात. ते पलीकडे टेकले की शॉर्टसर्किट.

• झिंक क्लोराइड + अमोनियम क्लोराइड: सौम्य आम्लधर्मी. जुनी, रुळलेली तडजोड.

• झिंक सल्फेट: स्वस्त, हल्लीच्या जस्त-आयन सेलमध्ये सर्रास.

• झिंक ट्रायफ्लेट: चार्जिंगमध्ये जस्त पुन्हा नीट बसते, पण किंमत भारी.

लक्षात ठेवण्याजोगे: चार्जिंगमध्ये ऋण आयन प्लास्टिकमध्ये शिरतात आणि जस्ताचे आयन धातू होऊन पत्र्यावर बसतात. म्हणजे द्रावणातला क्षार दोन्हीकडून कमी होतो, डिस्चार्जमध्ये परत येतो. लिथियम-आयन सेलमध्ये द्रावण मुख्यतः वाहतुकीपुरते; इथे ते साठ्याचाच भाग. त्यामुळे ते पुरेसे भरावे लागते आणि सेलचे वजन वाढते.