पाणी मोजणारी पेटी आणि तिच्यातली चिप

आमच्या गटाच्या रोपवाटिकेत पाण्याची टाकी एक आणि वाफे सहा जणींचे. लाइटबिल आलं की दर महिन्याला तेच भांडण, "माझी रोपं थोडी, मग बिल सारखं का?" गेल्या उन्हाळ्यात एक जण गट सोडायला निघाली. तेव्हा ठरवलं, प्रत्येकीचं पाणी मोजायचं आणि बिल त्याप्रमाणे वाटायचं. त्यासाठी पेटी कशी जुळवली, आणि तिच्यातली चिप निवडायला आम्हाला दोन महिने का लागले, ते आज सांगतो.

प्रत्येकीच्या अर्ध्या इंची पाइपावर वायएफ-एस२०१ नावाचा सेन्सर बसवला. त्यात एक छोटी चक्री असते. पाणी वाहिलं की ती फिरते आणि विजेचे ठोके देते, एका लिटरला साधारण 450. मिनिटाला 20 लिटर पाणी चाललं तर एका पाइपाचे सेकंदाला 150 ठोके होतात. सहाही नळ सुरू असले तर 900. ते सगळे मोजायचे, हिशोब लिहून ठेवायचा आणि महिनाअखेरीला यूएसबी केबलनं संगणकाला द्यायचा, एवढंच पेटीचं काम.

खरं सांगायचं तर 900 ठोके आजच्या चिपला जड नाहीत. अडचण वेगळीच आहे. लाइट गेली तरी आकडा राहावा म्हणून तो फ्लॅश मेमरीत लिहावा लागतो, आणि लिहिताना बऱ्याच चिपांचा मुख्य प्रोसेसर क्षणभर अडकतो. तेवढ्यात आलेले ठोके निसटतात. निसटणारं पाणी घोटभरच असेल हो, पण "यंत्र मोजायला विसरतं" असं एकदा कुणी बोललं की त्या पेटीवर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून मोजणीचं काम प्रोसेसरवर न टाकता चिपमधल्याच वेगळ्या भागाला देता येईल, अशी चिप आम्ही शोधत होतो. एक रस्ता एफपीजीएचा. त्यात आतल्या जोडण्याच आपण ठरवायच्या. ताकद मोठी, पण शिकायला अवघड, आणि आमच्या कामाला म्हणजे घागर भरायला टँकर बोलावण्यासारखं. दुसरा पर्याय पीएसओसी 5एलपी. त्यात प्रोसेसर, यूएसबी आणि थोडी जोडता येणारी लॉजिक एकाच चिपमध्ये मिळते. ती 5 व्होल्टवरही चालते, म्हणजे सेन्सर सरळ जोडता येतो. आम्हाला ती आवडली होती. पण तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि गटाचा संगणक लिनक्सचा.

शेवटी रास्पबेरी पाय पिको घेतला. हा बोर्ड जानेवारी 2021 मध्ये 4 डॉलरला बाजारात आला. त्याच्या आरपी2040 चिपमध्ये पीआयओ नावाची सोय आहे. ती एफपीजीएसारखी खरी लॉजिक नव्हे. दोन गटांत चार-चार अशा आठ मदतनीस समजा. चौघींना मिळून 32 सूचनांची एकच पाटी. प्रत्येकीला एकच काम सांगायचं, ते ती करत राहते. सहा जणींना एकेक पाइप वाटून दिला. कारभारीण, म्हणजे प्रोसेसर, वही लिहीत बसली तरी यांची मोजणी चालूच. यूएसबीही चिपमध्येच आहे. बोर्डावरचं बटण दाबून केबल लावली की तो संगणकात पेनड्राइव्हसारखा दिसतो, आणि प्रोग्रामची फाइल त्यात टाकायची, झालं.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली. पिकोच्या पिना 3.3 व्होल्टच्या. सेन्सर 5 व्होल्ट देतो. तो सरळ जोडला आणि पहिल्या बोर्डाची एक पिन गेली. आता प्रत्येक तारेवर 10 हजार आणि 20 हजार ओहमचे दोन रेझिस्टर लावून दाब कमी केलाय. बोर्ड घेण्याआधी त्याच्या पिना किती व्होल्ट सोसतात, हे दुकानदाराला विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

फ्लॅशमध्ये एकाच जागी साधारण एक लाख वेळाच पुसून लिहिता येतं. दर मिनिटाला तिथंच लिहिलं तर अडीच महिन्यांच्या आतच ती जागा झिजते. म्हणून आमची पेटी दहा मिनिटांनी आणि दर वेळी पुढच्या जागी लिहिते.

आणि 450 ठोक्यांवर डोळे झाकून विसंबू नका. सेन्सरागणिक तो आकडा थोडा बदलतो. आम्ही 20 लिटरचा कॅन सहाही नळांखाली भरला, प्रत्येकीनं आपल्या नळाचे ठोके स्वतः पाहिले आणि वहीत लिहून खाली सही केली. गट सोडायला निघालेली आमची मैत्रीण त्या दिवशी कॅन धरून उभी होती. आता महिनाअखेरीला फाइल उघडायचं काम तिच्याकडेच आहे.