नोकरी गेल्यावर ‘चारचौघांसारखे’ दिसण्याची किंमत

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी गेली की दोन दडपणे एकदम सुरू होतात: एक कायद्याचे, दुसरे समाजाचे. पहिल्याला मुदत आहे. २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस देशात राहता येते. आय-९४ वरील मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेच दिवस. ही मोजणी साधारणतः ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला, त्यानंतर सुरू होते. सेव्हरन्सची रक्कम मिळाली म्हणून ती लांबत नाही.

दुसऱ्या दडपणाला मुदत नसते. शनिवारच्या पंगती, मंडळाच्या गणेशोत्सवाची देणगी, मुलांचे वर्ग, गावाकडे जाणारे पैसे, सारे पूर्ववत दिसले पाहिजे, असे घरातल्यांनाच वाटू लागते. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने बातमी उंबऱ्याआत राहते आणि साठातले पहिले दोन-तीन आठवडे लपवण्यातच सरतात.

या धाकाचे स्वरूप मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. रेषांची लांबी ओळखण्याच्या सोप्या प्रयोगात गटातील इतर सारे ठरवून चुकीचे उत्तर देत. तेव्हा एकट्या पडलेल्या व्यक्तीची सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या मागे जात. मात्र खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण आधीच्या जवळपास एक चतुर्थांशावर येई. म्हणूनच साऱ्या मंडळाला सांगण्याआधी एकाच विश्वासू स्नेह्याला सांगणे पुष्कळ असते.

लपवण्याची दुसरी किंमत व्यावहारिक आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या प्रसिद्ध निबंधातील निष्कर्ष असा, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती बातमी बहुधा अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. मंडळात वर्षातून दोनदा भेटणारी माणसे नेमकी हीच. त्यांच्यापुढे ‘सगळे उत्तम’ म्हणणे म्हणजे त्या वाटा स्वतःच बंद करणे.

सांगताना लांबलचक कैफियत नको. पद गेले, अमुक क्षेत्रात काम शोधतो आहे, अमुक तारखेपर्यंत मुदत आहे, एवढे पुरे. त्या मुदतीत नव्या कंपनीने अर्ज दाखल केला, की मंजुरीची वाट न पाहता सहसा तेथे काम सुरू करता येते. ते जमत नसल्यास एच-४ किंवा अन्य दर्जासाठीचा अर्जही त्याच मुदतीत करावा लागतो. आय-१४० मंजूर झालेला असेल, तर ग्रीन कार्डच्या रांगेतील तारीख सहसा टिकते. प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी असल्याने इमिग्रेशन वकिलाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्यावा.

देणगीचा आकडा यंदा कमी झाला, तर पुढच्या वर्षी तो कोणाच्या लक्षातही राहणार नाही. गेलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत.