दुसरे पान कधी उघडावे?

जून उजाडला की शाळांच्या जाहिरातींत ‘डिजिटल वर्ग’, ‘स्मार्ट बोर्ड’ झळकू लागतात. आता त्यांच्या पंगतीला ‘एआय शिक्षक’ही येऊन बसला आहे. वर्गात पडदा आहे का आणि असला तर केवढा, याची चौकशी हौसेने होते. त्या पडद्यासमोर बसलेले मूल नेमके काय करणार, हे फारसे कुणी विचारत नाही. नुसते पाहणार की आठवून लिहिणार? एकटे सोडवणार की शेजारच्याशी वाद घालणार? उत्तर चुकले तर ते त्याला कधी कळणार? शिकवण्याच्या प्रत्येक उपकरणाच्या पोटात ‘माणूस कसा शिकतो’ याविषयीचे एक गृहीतक दडलेले असते. बनवणाऱ्याने ते बोलून दाखवलेले असो वा नसो. ते गृहीतकच फसवे असेल तर भिंतभर पडदा लावूनही हाती काही लागत नाही. ते पक्के असेल तर पुष्कळदा पुठ्ठ्याच्या चार कार्डांवरही भागते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१२ साली एका अजब पुस्तकाची कल्पना मांडली होती. पहिल्या पानावर सांगितलेले काम जो करील त्यालाच दुसरे पान दिसेल, असे पुस्तक. या कल्पनेच्या जवळ पोहोचले ते ओहायो राज्य विद्यापीठातील सिडनी प्रेसी. १९२४ साली मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात त्यांनी टाइपरायटरसारखे दिसणारे एक यंत्र मांडले. खिडकीत एक प्रश्न आणि त्याची चार उत्तरे, बाजूला चार कळा. एरवी हे यंत्र मुकाट्याने परीक्षा घेई: कुठलीही कळ दाबा, पुढचा प्रश्न येई आणि बरोबर उत्तरे तेवढी मोजली जात. पण मागचा खटका वर केला की यंत्राचा स्वभावच पालटे. आता बरोबर कळ दाबेपर्यंत प्रश्न जागचा हलत नसे. तोच सांगाडा, त्याच कळा, आणि एका खटक्याने परीक्षकाचा शिक्षक! (ठरावीक उत्तरे बरोबर आली की गोड गोळी बाहेर टाकणारी जोडणीही प्रेसींनी केली होती. आजच्या ॲपमधल्या चांदण्या आणि बिल्ले यांचा हा पूर्वज. तो निदान खाता तरी येत होता.) अध्ययनाचा सिद्धान्त बदलला की तेच यंत्र वेगळे काम करते, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी दाखवल्याचे दिसत नाही. पुढे महामंदी आली, यंत्राला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १९३२ मध्ये प्रेसींनी हे काम बंद करत असल्याचे जाहीर केले.

नाव झाले ते मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे. १९५३ च्या नोव्हेंबरात ते मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. सगळी मुले एकाच गतीने हाकली जात आहेत आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपले अध्यापन यंत्र बनवायला घेतले. स्किनर यांनी १९५८ च्या लेखात प्रेसींचे ऋण मान्य केले, पण लोकांच्या लक्षात एकच नाव राहिले. दोघांतला मतभेद मात्र आजही कामाचा आहे. स्किनर यांना चार पर्याय नको होते. मुलाने उत्तर स्वतः लिहावे, आणि पायऱ्या इतक्या लहान असाव्यात की चूक क्वचितच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. यातला पहिला भाग खरोखर मोलाचा. दुसऱ्या भागावर प्रेसींनी १९६३ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, सडकून टीका केली. अध्यापन यंत्रांवरचे संकट हे मुळात अध्ययन सिद्धान्तावरचे संकट आहे, असे त्यांनी शीर्षकातच सुचवले. उंदरांवरच्या प्रयोगांतून निघालेला सिद्धान्त वाचता येणाऱ्या माणसाला लावलात, म्हणून धड्याचे तुकडे तुकडे झाले; छापील पानावर मथळा दिसतो, मागे वळून पाहता येते, सगळ्याचा आवाका येतो, आणि तुमचे यंत्र नेमके तेच लपवते, असा त्यांचा रोख होता. पन्नास चौकटींतून एकेक वाक्य सरकवत नेणारे आजचे ‘मॉड्यूल’ पाहिले की हे म्हातारबुवा आठवावेत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: सिद्धान्त तर दर पिढीला बदलतात, मग शाळेने भरवसा कशावर ठेवायचा? भांडणे आहेत हे खरे, पण काही निष्कर्ष सगळ्या भांडणांतून तरून आले आहेत. सेंट लुइसच्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पारडे फिरले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात तर वारंवार वाचणाऱ्यांनाच ‘आपल्याला हे चांगले लक्षात राहील’ असा भरवसा जास्त होता. आता बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड घ्या. तो स्कॅन केल्यावर चित्रफीत सुरू झाली आणि मूल ती पाहून उठले, तर ते पुन्हा वाचणाऱ्या गटात गेले. तीच चित्रफीत मध्येच थांबून ‘आतापर्यंत काय पाहिलेस ते आठवून वहीत लिही’ म्हणाली, तर ते दुसऱ्या गटात. दोन्हींचा खर्च सारखाच.

शैक्षणिक माध्यमांचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली याच मुद्द्याला टोक दिले. किराणा पोहोचवणाऱ्या ट्रकमुळे आपले पोषण सुधारत नाही, तसेच माध्यमामुळे शिकणे सुधारत नाही, असे ते म्हणाले. रॉबर्ट कोझमा यांनी प्रतिवाद केला की काही गोष्टी विशिष्ट माध्यमाशिवाय दाखवताच येत नाहीत. कोझमांच्या बाजूने एवढे कबूल केलेच पाहिजे: रेणूंची हालचाल किंवा ग्रहांच्या कक्षा फळ्यावर खडूने दाखवण्याला मर्यादा आहेत. तरी क्लार्क यांचा ट्रकचा दाखला वाटतो त्यापेक्षा चिवट आहे. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या व्याख्यानात एक पद्धत रुजवली: प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपले उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला पटवायचे आणि पुन्हा मत द्यायचे. मते नोंदवायला बटणाचे ‘क्लिकर’ आले आणि खपू लागले. २००८ साली कॅनडातील नॅथॅनियल लॅझ्री यांनी एका वर्गाला क्लिकर दिले, दुसऱ्याला साधी कार्डे. शिकण्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. मुले शिकत होती ती शेजाऱ्याशी झालेल्या वादातून. क्लिकरचा फायदा झाला तो मोजदाद करणाऱ्या शिक्षकाला. तोही काही कमी नव्हे, पण तो वेगळा फायदा.

वर्गात पन्नास मुले, अभ्यासक्रम संपवायची घाई, त्यात सिद्धान्त कुठे पाहत बसायचे, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. पण सिद्धान्त न पाहण्याची किंमतही याच परिस्थितीत मोजावी लागते. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना सरकारने संगणक दिले होते, त्यातले बरेचसे पडून होते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने तिथे चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले. मुलाला जमेल तसतसा खेळ अवघड होई. या कार्यक्रमाच्या अभ्यासात गणितात चांगली वाढ दिसली. भाषेत दिसली नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले. गुजरातेतच ज्ञानशाळा संस्थेच्या वर्गांत अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांना आणखी बोलकी गोष्ट आढळली. शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक दिला तेव्हा मुले मागे पडली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव म्हणून दिला तेव्हा पुढे गेली. शिक्षकाच्या तासात काय घडते याचा अंदाज असलेल्या माणसाने ही अदलाबदल करण्याआधी दोनदा विचार केला असता.

एआयच्या बाबतीत प्रेसींचा खटका पुन्हा प्रत्यक्ष दिसतो. तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला सराव करताना साधा चॅटजीपीटीसारखा मदतनीस दिला, दुसऱ्याला त्याच इंजिनावर चालणारा, पण उत्तर हातात न देता शिक्षकांनी ठरवलेले इशारे देणारा. मदतनीस नसलेल्या गटाच्या तुलनेत पहिल्या गटाचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी, दुसऱ्याचे तब्बल १२७ टक्क्यांनी वाढले. मग मदतनीस काढून परीक्षा घेतली. पहिल्या गटाचे गुण कधीच मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी खाली आले. इशारेवाल्या गटाचे हे नुकसान बहुतांशी टळले, पण सरावातल्या त्या १२७ टक्क्यांचा परीक्षेत मागमूसही उरला नाही. पहिल्या गटातल्या मुलांना, आपण कमी शिकलो आहोत, असे वाटतही नव्हते.