एक हप्ता जादा

मोऱ्याच्या वाटेवर घर घेतले, तेव्हा मिठागरात हयात घालवलेल्या आमच्या वडिलांनी दोन दिवस अबोला धरला होता. कर्ज २० लाखांचे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे! सुमारे १८,००० च्या पहिल्या हप्त्यातले १५,००० निव्वळ व्याजात गेले, हे बँकेच्या उताऱ्यावर वाचून मराठीच्या या प्राध्यापकाला घाम फुटला. सौभाग्यवतींनी पाटल्यांचा विषय मिटवला; दर दिवाळीला एक हप्ता जादा भरायचा ठरला. एवढ्याने मुदत साडेतीनएक वर्षांनी घटते. बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बंद केला. अर्जात मात्र ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असे स्पष्ट लिहावे. परवा चौथा जादा हप्ता भरला. वडिलांनी पावती दोनदा वाचली. पाटल्या अजून सोनाराकडेच आहेत.