तारापूरची भट्टी राखणारे हात

तारापूरचं अणुवीज केंद्र आपण तयार विकत घेतलं, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उभारणी बेक्टेलची, आणि अमेरिकी सरकारचं आठ कोटी डॉलरचं कर्ज, तेही नाममात्र व्याजानं. मे १९६४ मध्ये करार झाला. सगळं बांधून, चालू करून मगच ताबा द्यायचा, अशी त्यातली अट होती. १ एप्रिल १९६९ रोजी इथली वीज पहिल्यांदा जाळ्यात गेली आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरपासून दोन्ही संच व्यापारी तत्त्वावर चालू लागले. त्या वेळी जपान आणि सोव्हिएत संघ सोडला तर आशियात कुठेही अणुवीज केंद्र नव्हतं. ज्यांनी ही सारी जुळवाजुळव केली ते होमी भाभा जानेवारी १९६६ मध्येच विमान अपघातात गेले होते.

विकत घेतलेल्या वस्तूचा अभिमान कसा बाळगायचा, असं कुणी विचारेल. माझं उत्तर सरळ आहे. या केंद्राचा खरा इतिहास १९६९ नंतर सुरू होतो. विकणाऱ्यानं पाठ फिरवल्यावर, इंधन अडल्यावर, सुटे भाग मिळेनासे झाल्यावर ते ज्यांनी चालतं ठेवलं, त्यांचा तो इतिहास आहे. यंत्र उभारणाऱ्यांची नावं कोनशिलेवर येतात. राखणाऱ्यांची नावं शिफ्टच्या नोंदवहीत राहतात, आणि ती वहीसुद्धा कालांतरानं रद्दीत जाते.

मुळात भाभांची योजना वेगळी होती. आपल्याकडे युरेनियम थोडं, थोरियम भरपूर. तेव्हा आधी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या, त्यांतून निघालेल्या प्लुटोनियमवर शीघ्र प्रजनक भट्ट्या आणि शेवटी थोरियम, असे तीन टप्पे त्यांनी आखले होते. तारापूरच्या भट्टीला लागतं समृद्ध युरेनियम, आणि ते आपल्याकडे तयार होत नव्हतं. म्हणजे देशातलं पहिलंच केंद्र योजनेच्या चौकटीबाहेरचं. तरीही भाभांनी ते घेतलं, कारण त्यांना एक गोष्ट लवकर सिद्ध करायची होती: आपल्या जाळ्यावर, आपल्या माणसांच्या हातून अणुवीज केंद्र चालू शकतं आणि त्याची वीज परवडते. जागेची निवडही हिशेबानं झाली. मुंबई आणि गुजरातच्या गिरण्या-कारखान्यांना वीज हवी होती आणि कोळशाच्या खाणी दूर पूर्वेकडे. इथं थंड करायला अख्खा समुद्र आणि एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. वीज दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची असं ठरलं.

तारापूरची ही भट्टी उकळत्या पाण्याची आहे. आत इंधनाचे २८४ जुडगे उभे असतात. एकेका जुडग्यात झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या ३६ बारीक नळ्या आणि नळ्यांत खडूच्या तुकड्याएवढ्या युरेनियम ऑक्साईडच्या गोळ्या. अणूंच्या विखंडनाची उष्णता भोवतालच्या पाण्याला मिळते, पाणी त्याच पोलादी पात्रात उकळतं आणि वाफ थेट टर्बाइनकडे जाते. या मुख्य वाटेत मधे दुसरं पाणी नाही. हा साधेपणाच या भट्टीचा गुण आहे आणि अडचणही. भट्टीतून आलेली वाफ सोबत नायट्रोजन-१६ घेऊन येते. त्याचं अर्धायुष्य सातच सेकंदांचं, पण तेवढ्यात तो तीव्र गॅमा किरण सोडतो. म्हणून संच चालू असताना टर्बाइनजवळ रेंगाळता येत नाही. औष्णिक केंद्रात टर्बाइनच्या अंगाला हात लावून कंपन जोखणारा फोरमन इथं आला तर त्याला ती सवय सोडावी लागते.

या भट्टीची आणखी एक खासियत आहे. तिचे ६९ नियंत्रक दंड खालून वर जातात. वरच्या बाजूला वाफ वेगळी करण्याची सामग्री बसलेली असल्यानं दंडांना जागा खालीच उरते. त्यामुळे दंड हलवणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती करायची म्हणजे भट्टीच्या पोटाखाली शिरायचं.

हे काम कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. शटडाऊन घेतलेला असतो, तरी पात्राखालच्या त्या खोलीत किरणोत्सार असतोच. जागा अडचणीची, डोक्यावर दंडांच्या घरांची दाट रांग, वरून पाणी ठिबकण्याची शक्यता. आत जाणारा आधी बाहेर बनवलेल्या हुबेहूब सांगाड्यावर सराव करतो. कुठला बोल्ट कुठल्या हातानं धरायचा, पाना कुठे ठेवायचा, साथीदाराला कुठे उभं करायचं, हे सगळं तिथं पाठ व्हावं लागतं. मग सुती कपड्यांवर प्लास्टिकचा सूट, दुहेरी हातमोजे, मनगटाच्या चिकटपट्ट्या, छातीवर डोस नोंदवणारा टीएलडी बॅज आणि तिथल्या तिथे आकडा दाखवणारा डोसमापक. दाराशी किरणोत्सार सुरक्षेचा माणूस घड्याळ धरून उभा. त्यानं हाक मारली की बोल्ट अर्धा फिरलेला असला तरी बाहेर यायचं. उरलेला पुढचा माणूस फिरवतो. एका माणसाच्या वाट्याला किरणोत्साराचा किती डोस यावा याची कमाल मर्यादा ठरलेली असते. आजच्या नियमानं पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. म्हणून जिथं एक फिटर दिवसभरात करील ते काम इथं दहाजणांत वाटावं लागतं. कौशल्य इथं वेळेत मोजतात, आणि चुकीची किंमत पुढच्या माणसाच्या अंगावर पडते.

सुरुवातीच्या वर्षांत हे वाटप फार जड गेलं. इंधनाच्या नळ्यांना बारीक चिरा जात, किरणोत्सारी द्रव्यं पाण्यात उतरत आणि वाफेबरोबर साऱ्या यंत्रणेत पसरत. त्या काळी तिथं राबलेल्या माणसांच्या वाट्याला आलेला एकत्रित डोस आजच्या मापानं खूपच होता. त्यांत कायम कामगारांबरोबर हंगामी माणसंही होती. ही गोष्ट केंद्राच्या गौरवगाथेत ठळकपणे यायला हवी, ती येत नाही. मागून आलेल्या कामगारांचा डोस उतरला तो आधीच्यांनी सोसलेल्या डोसातून शिकल्यावर.

मग इंधनाचं राजकारण सुरू झालं. दोन सरकारांमधल्या १९६३ च्या करारात अमेरिकेनं तीस वर्षं इंधन पुरवायचं कबूल केलं होतं. बदल्यात केंद्रावर आंतरराष्ट्रीय देखरेख. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताचा अणुस्फोट झाला. १९७८ मध्ये अमेरिकेनं अण्वस्त्र प्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि आधीच्या करारालाही तो लावला. तारापूरच्या इंधनाचा प्रश्न वॉशिंग्टनच्या सभागृहांत गेला. सप्टेंबर १९८० मध्ये सिनेटनं ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधन पाठवायला वाट दिली. दोन मतांचा फरक! तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या दोन भट्ट्या इतक्या बारीक धाग्यावर लटकल्या होत्या. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेऐवजी फ्रान्सनं इंधन द्यावं असा तोडगा निघाला, तो १९९३ ला संपला. त्यानंतर १९९५ मध्ये चीननं इंधन दिलं. २००१ आणि पुन्हा २००६ मध्ये रशियानं दिलं. चार देशांच्या युरेनियमवर चाललेलं असं केंद्र जगात क्वचितच असेल.

या सगळ्या ओढाताणीत केंद्र बंद पडलं नाही, त्याचं कारण बाहेरून येणारं फक्त कच्चं समृद्ध युरेनियम होतं. सत्तरच्या दशकापासून त्याच्या गोळ्या, नळ्या आणि जुडगे हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होऊ लागले होते. नव्वदच्या दशकात तारापूरलाच बनवलेले प्लुटोनियम-मिश्रित इंधनाचे काही जुडगे या भट्ट्यांत घालून पाहिले गेले. जनरल इलेक्ट्रिकचे तंत्रज्ञ आणि सुटे भाग मिळणं अवघड झाल्यावर सील, झडपा, पंपाचे भाग इथल्याच कारखान्यांतून घडवून घ्यावे लागले. मुख्य वाफेखेरीज भट्टीच्या गरम पाण्यावर जास्तीची वाफ तयार करणारी दुय्यम वाफ जनित्रंही या संचांना होती. ऐंशीच्या दशकात त्यांच्या नळ्या गळू लागल्या. पर्याय दोनच होते: न संपणारी दुरुस्ती करत बसायचं, नाहीतर ती जनित्रं बाजूला काढून कमी क्षमतेवर चालवायचं. दुसरा मार्ग घेतला गेला आणि प्रत्येकी २१० मेगावॉटचे संच १६० मेगावॉटचे झाले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. कागदावरच्या क्षमतेचा हट्ट सोडल्यामुळेच ही यंत्रं पुढची दशकं चालली आणि कितीतरी वर्षं देशातली सर्वांत स्वस्त अणुवीज देत राहिली.

एक गोष्ट मात्र आजही सुटलेली नाही. वापरलेलं इंधन अमेरिकेनं परत नेलं नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायलाही बराच काळ संमती दिली नाही. ते तारापूरच्या तलावांत साठत गेलं. पाण्याखाली निळसर उजेड दिसतो, त्याचं शास्त्रीय कौतुक मोठं आहे. पण त्या जुडग्यांची राखण किती पिढ्यांना करायची आहे, याचं उत्तर परिसरातल्या लोकांना कुणी समोर बसून समजावलेलं नाही.

तिसरा आणि चौथा संच ही वेगळीच कहाणी. ते पूर्णपणे भारतीय आराखड्याचे, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, जड पाण्याचे. चौथा आधी तयार झाला: ६ मार्च २००५ ला त्यात साखळी अभिक्रिया सुरू झाली, तिसऱ्यात २१ मे २००६ ला. इथं पात्र आडवं असतं, त्यात ३९२ नळ्या आणि एकेका नळीत अर्ध्या मीटरचे तेरा जुडगे. दोन बाजूंनी दोन यंत्रं येऊन नळीला भिडतात, एक नवं इंधन ढकलतं, दुसरं जुनं काढून घेतं आणि हे सगळं भट्टी चालू असताना. शेजारच्या दोन म्हाताऱ्या संचांना इंधन बदलायला मात्र आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. एकाच आवारात दोन पिढ्यांचं तंत्रज्ञान नांदतं, आणि जुन्यावर शिकलेली बरीच माणसं नव्यावर गेली. विकत घेतलेल्या भट्टीचा मोबदला मला तिथं दिसतो.

पण या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली गेली. मच्छीमारांची, बागायतदारांची, शेतमजुरांची गावं. प्रकल्पग्रस्तांना घरं मिळाली पण ती राहण्याजोगी नाहीत, नोकऱ्यांचं आश्वासन पाळलं गेलं नाही, समुद्र दूर गेल्यानं धंदा बुडाला, अशा तक्रारी घेऊन लोक उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षं चकरा मारत राहिले. होडी लावायला खाडी नसेल तर मच्छीमाराला पक्कं घर देऊन काय उपयोग? किनाऱ्यावरची उरलेली कोळी गावं सांगतात की केंद्रातून सोडलेल्या गरम पाण्यानं जवळचा मासा कमी झाला आणि सुरक्षेच्या हद्दीमुळे जाळी टाकायची जागाही आक्रसली. देशाला वीज हवी होती हे मान्यच आहे. ती देणाऱ्या केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या माणसांनी त्यासाठी सगळ्यांत जास्त मोजलं, आणि त्यांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. अणुऊर्जेच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीच हा मुद्दा आधी मांडायला हवा. मी त्यांच्यापैकी आहे म्हणून सांगतो.

जुन्या संचांकडे परत येतो. २००५-०६ मध्ये त्यांची मोठी डागडुजी झाली. साठच्या दशकातल्या आराखड्यात दोन्ही संचांच्या काही सुरक्षा यंत्रणा सामायिक होत्या, त्या वेगळ्या केल्या. अधिक क्षमतेची नवी डिझेल जनित्रं बसवली, गरज पडल्यास भट्टी बंद करून देखरेख ठेवता यावी म्हणून वेगळा पूरक नियंत्रण कक्ष उभारला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात त्सुनामीनं वीज तोडली आणि जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातल्या, वयानं थोड्या लहान भट्ट्या वितळल्या, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तारापूरकडे वळल्या. इथं विजेशिवाय केवळ गुरुत्वाकर्षणावर काही तास उष्णता काढून घेणारा आणीबाणीचा कंडेन्सर मुळातच होता. पुढे बाहेरून थेट पाणी जोडता येईल अशा जोडण्याही केल्या गेल्या. हे पुरेसं आहे का, यावर तज्ज्ञांनी उघडपणे वाद घालावा असं मला वाटतं. अर्धशतक ओलांडलेल्या यंत्राबाबत शंका विचारणं हा त्याचा अपमान नव्हे.

२०२० मध्ये दोन्ही संच थांबवून त्यांच्या पुनराभिसरणाच्या पाइपलाइन बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. भट्टीतलं पाणी सतत फिरवत ठेवणाऱ्या या जाड स्टेनलेस स्टीलच्या पाइपांना वेल्डच्या आजूबाजूला ताणानं बारीक तडे जातात. त्या काळच्या अशा भट्ट्यांचं हे जगभर ठाऊक असलेलं दुखणं आहे. इतकी वर्षं किरणोत्सारी पाणी वाहिलेला पाइप कापायचा, त्याची धूळ उडू द्यायची नाही, अडचणीच्या जागेत नवा पाइप केसाएवढाही न चुकता जुळवायचा आणि असा वेल्ड मारायचा की क्ष-किरण तपासणीत एक ठिपकाही दिसता कामा नये, हे सगळं घड्याळ धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हाकेआधी. हे काम आज आपल्या वेल्डरांना येतं, कारण त्यांच्या आधीच्यांनी याच भट्टीच्या पोटाखाली पाने फिरवले.

१९६९ च्या सुमारास इथं लागलेली मुलं आता ऐंशीच्या पुढे-मागे आहेत. केंद्राच्या बोईसरमधल्या टॅप्स कॉलनीतून निवृत्त होऊन कुणी डहाणूला, कुणी पालघरला, कुणी गावी स्थिरावलं. कुठली झडप कशानं अडकायची, कुठला आवाज आला की पंप थांबवायचा, हे त्यांच्या डोक्यात आहे, कुठल्याच पुस्तिकेत नाही. त्यांच्याशी बसून ते मराठीत नोंदवून घेण्याचं काम एखाद्या विद्यापीठानं किंवा खुद्द अणुऊर्जा महामंडळानं आता तरी हाती घ्यावं. त्याच नोंदीत पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांच्या आठवणीही घ्याव्यात, आणि हंगामी म्हणून आलेल्या, डोस घेऊन गेलेल्या, आज कुठे आहेत हे कुणी न विचारलेल्या माणसांनाही शोधून काढावं.