वैतागदर्शक वाक्प्रयोग (वऱ्हाडी बोली)

कंटाळा, अडचण, उपद्रव किंवा चीड व्यक्त करण्यासाठी रूढ झालेल्या शब्दांना व वाक्यरचनांना वैतागदर्शक वाक्प्रयोग म्हणता येईल. बुलढाणा जिल्हा हा पूर्वीच्या वऱ्हाड प्रांताचा भाग असून तेथील वऱ्हाडी बोलीत या प्रयोगांची रूपे प्रमाण मराठीहून काहीशी वेगळी आहेत. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या ७व्या खंडात (१९०५) वऱ्हाडीचे वर्णन आढळते.

वाक्यरचना

मराठीत वैताग मुख्यतः तीन प्रकारे सांगितला जातो. 'मी चिडले' या वाक्यात बोलणारी स्त्री कर्ता असते व क्रियापद तिच्यानुसार चालते. 'मला राग आला' हे वाक्य मात्र स्त्री व पुरुष सारखेच बोलतात. कारण तेथे क्रियापद 'राग' या पुल्लिंगी शब्दानुसार चालते. राग केला गेला नसून तो आला, असा या रचनेचा भाव असल्याने कोणावरही ठपका येत नाही. 'त्याने डोके खाल्ले', 'त्याने भंडावून सोडले' यांत रोख थेट दुसऱ्यावर असतो.

अर्थच्छटा

'कटकट', 'किरकिर', 'भुणभुण' हे शब्द लहान पण सतत चालणाऱ्या त्रासाचे आहेत. तोच तोपणातून 'वीट' येतो, अन्यायातून 'चीड'. शक्ती संपत आल्यावर 'नाकी नऊ येतात' किंवा 'जीव मेटाकुटीला येतो'. पाठ न सोडणारा तगादा म्हणजे 'ससेमिरा'.

वऱ्हाडी रूपे

वऱ्हाडीत 'ला' या प्रत्ययाऐवजी 'ले' येतो आणि 'ळ'चा उच्चार बहुधा 'य' होतो. म्हणून 'मले कंटाया आला'. 'काहून डोकं खाऊन राहिला?' याचा अर्थ 'का डोके खात आहेस?' असा होतो. येथील 'राहिला' चालू क्रिया दाखवतो. 'बे' हे संबोधन समवयस्कांत सलगीचे असते. वडीलधाऱ्यांशी ते वापरत नाहीत आणि इतर भागांत ते अपमानकारक वाटू शकते. ही रूपे बोलीच्या नियमांनुसार सिद्ध होतात. वर्गात ती केवळ अशुद्ध म्हणून खोडली गेल्यास विद्यार्थी आपली अडचण सांगण्याचेच टाळण्याची शक्यता असते. प्रमाण रूप शिकवताना बोलीचे रूपही शेजारी ठेवणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

जपानी भाषेशी तुलना

जपानीतही असे भेद आहेत. 'मेन्दोकुसाई' म्हणजे कटकटीचे, 'कोमारु' म्हणजे अडचणीत सापडणे, तर 'मेइवाकु' म्हणजे एकामुळे दुसऱ्याला होणारा उपद्रव. 'आमे नि फुरारेता' या कर्मणी रचनेत पाऊस पडल्याने बोलणाऱ्याची झालेली गैरसोय सूचित होते. मराठीत तेथे 'पावसाने गाठले' असे सहज म्हटले जाते. वरिष्ठाने सांगितलेल्या कामाला 'मेन्दोकुसाई' म्हणणे उद्धटपणाचे ठरते. दोन्ही भाषांत शब्दार्थाइतकेच, त्रासाचा रोख परिस्थितीवर आहे की व्यक्तीवर, हे महत्त्वाचे असते.